अध्यक्षांनंतर कोणी बोलत नाही

आमच्या घरी साधा सिनेमासुद्धा प्रास्ताविकाशिवाय सुरू होत नाही. याला माझा नवरा जबाबदार आहे. चार मराठी माणसं एकत्र आली की त्यातल्या एकाच्या हातात माइक येतो, असं मी नेहमी म्हणते. आमच्याकडे तर माइक घरातच आहे. एप्रिलच्या जयंतीसाठी घेतलेला चाकांचा स्पीकर आणि त्याला जोडलेला माइक वर्षभर आमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात, इस्त्रीच्या टेबलाशेजारी उभा असतो. मस्कतमधल्या आमच्या लोकांच्या छोट्याशा मंडळाचा नवरा कित्येक वर्षं सरचिटणीस आहे, आणि ते पद त्याच्या अंगात इतकं मुरलंय की लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला केक कापायच्या आधी त्याने पाहुण्यांना दोन-दोन शब्द बोलायला लावले होते. जमलेल्यांत सर्वांत वयस्कर असेल तो अध्यक्ष. मग प्रास्ताविक, मग मनोगतं, मग अध्यक्षीय समारोप, मग आभार. अध्यक्ष बोलले की विषय संपला, त्यांच्यानंतर फक्त आभार. हा क्रम कुणी मोडला तर त्या दिवशी त्याला जेवण गोड लागत नाही.

याच नियमाने गेल्या वर्षी त्याला बरोबर पकडलं. त्याचं मला अजून बरं वाटतं.

झालं असं की, बारावीनंतर लेकीला अमेरिकेतल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला, तोही शिष्यवृत्तीसकट. गाव एवढंसं, बर्फातलं. नकाशावर शोधताना मी आधी भलत्याच राज्यात जाऊन पोचले. मुलाखती, निबंध, परीक्षा, सगळं तिचं तिनेच केलं होतं. निकाल कळला त्या दिवशी ती स्वयंपाकघरात आली आणि माझ्या पाठीला चिकटून उभी राहिली. मी पोळ्या लाटत होते. मला आधी वाटलं, पोरीला ताप आलाय.

बापाने पेढे वाटले. नागपूरला भावांना फोन करून, प्रत्येकाला पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी बातमी सांगितली. पण प्रत्यक्ष जायचा विषय निघाला की म्हणायचा, "इन्शाल्ला, बघू." आखातात राहिलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. एसी दुरुस्त करणारा इन्शाल्ला म्हणाला की आपण मुकाट्याने टेबलफॅन काढून पुसून ठेवावा. लेकीलाही तो बरोबर समजत होता. ती रोज थोडी थोडी गप्प होत चालली होती आणि कॉलेजला होकार कळवायला जेमतेम आठवडा उरला होता.

त्याचं म्हणणं असं की मस्कतमध्ये चांगली कॉलेजं आहेत, तिने घरून जाऊन-येऊन शिकावं. तो सकाळी सोडेल, संध्याकाळी आणेल. आम्ही राहतो त्या अल अमेरातहून डोंगराचा रस्ता उतरून मस्कतमध्ये जायचं आणि पुन्हा चढून यायचं, हे तो जन्मभर करायला तयार होता, तेही आनंदाने.

त्यामागचं कारण मला माहीत होतं, तिला नव्हतं. तो इंजिनिअरिंगला गेला तेव्हा होस्टेलमध्ये पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या दुसऱ्या मुलाने त्याला पूर्ण नाव विचारलं. मग मार्क विचारले. मग आपली गादी डोक्यावर घेऊन तो दुसऱ्या खोलीत राहायला गेला. जाताना म्हणाला, "या खोलीत हवा खेळत नाही." लग्न झाल्यावर हा किस्सा नवऱ्याने मला हसत हसत, गंमत म्हणून सांगितला होता. पण हा माणूस आजही घरी कुणी येणार असलं की बाहेर पंचेचाळीस डिग्री असली तरी सगळ्या खिडक्या उघडतो. घरात हवा खेळली पाहिजे म्हणतो. वाळू आत येते, एसी धापा टाकतो, मी चिडचिड करते. खिडकी लावून घ्यायला मात्र माझा हात कधी उठत नाही.

त्याची आणखी एक सवय सांगायला हवी. लेक दहा-बारा वर्षांची असताना आम्ही किनाऱ्यावरच्या बरक्याला मासे घ्यायला गेलो होतो. सुरमई घेऊन गाडीशी आलो, तर पलीकडे एक ट्रेलर उभा होता आणि त्याच्या काचेमागे एवढासा निळा झेंडा होता. झालं. नवऱ्याने रस्त्यापलीकडूनच हात वर केला आणि खणखणीत "जय भीम!" घातला. ड्रायव्हर खाली उतरला, मराठवाड्यातला निघाला. मग दोघं उन्हात उभे राहून जे बोलत सुटले, की इकडे डिकीतला बर्फ वितळून सुरमई पोहायला लागायची वेळ आली. निघताना लेकीने विचारलं, "बाबा, तुम्ही ओळखता त्यांना?" तो म्हणाला, "नाही." "मग?" "अगं, आपला माणूस आहे." तिने डोळे फिरवले आणि खिडकीबाहेर बघत बसली. त्या वयात बाप म्हणजे लाज आणायची वस्तू असते.

तर अशा या माणसाला कुठून तरी एक माहितीपट सापडला. अमेरिकेतल्याच एका कॉलेजातलं एक वर्ष, गोऱ्या मुलांमध्ये शिकायला आलेली एक काळी मुलगी, आणि तिला तिथे काय काय सोसावं लागतं ते. त्याने तो ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बघितला आणि घरी येऊन जाहीर केलं, "शुक्रवारी सगळ्यांना बोलवू या. सगळे मिळून बघू. चर्चा होऊ दे, चार लोकांचं मत येऊ दे."

"चार लोकांचं मत कशाला? तुझं तर ठरलंय," मी म्हटलं.

"लोकशाही आहे घरात," तो म्हणाला.

मी भयंकर चिडले. पोरीच्या भविष्याचा निर्णय भेळ खात जाहीर सभेत घ्यायचा? पण लेकच म्हणाली, "राहू दे ना, आई. मलापण बघायचाय." शाळेत इंग्रजीत वाढलेली आमची मुलगी मराठी बोलताना नेहमी थोडी चाचपडते, पण त्या दिवशी तिचा आवाज अगदी स्थिर होता. मग मीही चणे भिजत घातले.

शुक्रवारी चार-साडेचारला मंडळी जमली. मंडळी म्हणजे मोजकीच. समोरच्या इमारतीतलं पुण्याचं जोडपं, ज्यांना लेक काका-काकू म्हणते. काकांनी तिला सायकल शिकवली आणि माझं ऑपरेशन झालं तेव्हा काकूंनी तिच्या वेण्या घालून तिला शाळेत पाठवलं. दुसऱ्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाभी, रत्नागिरीकडच्या. त्यांच्या नवऱ्याचं बरक्याला दुकान आहे, शुक्रवारच्या सुट्टीतही तो अडकलेला असतो, म्हणून तो नव्हता. भाभींबरोबर त्यांच्या सासूबाई, त्या वेळी व्हिजिट व्हिसावर आलेल्या. त्यांना आम्ही सगळेच अम्मा म्हणत होतो. अम्मा तिसऱ्या प्रहरची अस्रची नमाज आटोपून, हातात सांदणांचा डबा घेऊन, जिना मोजून मोजून उतरून आल्या. इंग्रजीचा त्यांना गंध नव्हता. पण वयाने सर्वांत मोठ्या, म्हणजे अध्यक्ष त्याच.

"मना काय करायचं?" अम्मांनी विचारलं.

"काही नाही अम्मा, शेवटी दोन शब्द बोलायचे," नवरा म्हणाला.

"आनि मदी?"

"मध्ये फक्त बसायचं."

"ता जमल," म्हणून अम्मा सोफ्याच्या मधल्या जागी बसल्या. नवऱ्याने खिडक्या उघडल्या होत्याच. मग घरातल्या सहा माणसांसमोर, मागे बसलेल्यांनाही ऐकू जावं म्हणून, माइकवरून प्रास्ताविक केलं. मागे कुणी बसलेलं नव्हतं, मागे फ्रिज होता.

सिनेमा सुरू झाला. सुरुवातीला भाभी अम्मांच्या कानाशी लागून सगळं सांगत होत्या, ही मुलगी काय म्हणाली, ती काय म्हणाली. पण थोड्याच वेळात भाभी स्वतः सिनेमात गुंतल्या आणि त्यांनी सांगणं सोडून दिलं. अम्मा मग नुसत्या बघत राहिल्या.

सिनेमातली मुलगी खोलीत सामान लावते. रूममेट चांगली असते, हसरी असते, आणि न विचारता तिच्या केसांत हात घालून बघते. "अय्या!" काकू म्हणाल्या आणि त्यांचा स्वतःचा हात आपल्या अंबाड्याकडे गेला. पुढे ग्रंथालयाच्या दारात पहारेकरी तिच्या एकटीचंच ओळखपत्र मागतो, मागून येणाऱ्या चार गोऱ्या मुलांना सोडून देतो. भाभींनी जिभेने चक् केलं. वर्गात गुलामगिरीचा धडा निघतो आणि सगळी मुलं तिच्याकडे वळून बघतात. ती वहीत डोकं घालते. त्या वेळी मी लेकीकडे बघितलं. ती जमिनीवर उशी कवटाळून बसली होती. नवराही तिच्याकडेच बघत होता. त्याला वाटत होतं तसंच सगळं चाललं होतं आणि तरी त्याचा चेहरा उतरलेला होता. मला त्याची दया आली. स्वतःच्या मुलीने घाबरावं म्हणून बसलेला बाप किती बिचारा दिसतो, ते मी तेव्हा पाहिलं.

मग एक साधासा प्रसंग आला. ती मुलगी रूममेटबरोबर हिरवळीवरून चालली आहे. समोरून एक काळा मुलगा येतो. दोघं एकमेकांकडे बघून मान जराशी हलवतात आणि आपापल्या वाटेने जातात. रूममेट विचारते, तू ओळखतेस त्याला? मुलगी म्हणते, नाही. कॅमेरा तिच्याबरोबर पुढे जातो. झाडू मारणारी बाई, मग पायऱ्या उतरणारे एक म्हातारे प्राध्यापक, दोघंही काळे, आणि दोघांशीही तीच मान हलवणं.

लेक एकदम ताठ बसली. "ओ माय गॉड! बाबा, हे तर तुम्ही आहात!"

"शू. पिक्चर बघ," नवरा म्हणाला.

"बरक्याचे ते ट्रेलरवाले काका! बाबा, सेम!"

"कोण ट्रेलरवाले काका?" पुण्याच्या काकांनी विचारलं. नवऱ्याचे कान लाल झाले होते. मीही काकांकडे बघायचं टाळलं. कारण खरं सांगायचं तर असा रस्त्यापलीकडून घातलेला जय भीम तो आपल्या लोकांनाच घालतो. मराठी मंडळींच्या हळदीकुंकवाला, दिवाळी पहाटेला आम्ही दोघंही नमस्कारच म्हणतो. काका-काकूंनाही इतकी वर्षं नमस्कारच. लेकीने हे कधी बघून ठेवलं होतं, आम्हाला पत्ता नव्हता.

सिनेमाच्या शेवटी वर्ष संपतं. मुलीचा बाप जुनी गाडी घेऊन येतो, दोघं खोके भरतात, मुलगी पुढच्या सीटवर बसून रडते आणि गाडी निघते. मग काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी येतात: सुट्टीनंतर ती परत आली आणि पुढे पदवी घेऊन बाहेर पडली. तेवढं वाचून काकूंनी सुस्कारा सोडला. भाभी चहाचं आधण बघायला माझ्या मागोमाग आत आल्या. अम्मा अजून काळ्या पडद्याकडेच बघत होत्या.

मनोगतं सुरू झाली. पहिला माइक काकांकडे. ते म्हणाले, "फार वाईट आहे हो तिकडे. आपल्याकडे बाकी काही असेल, पण कॉलेजात कोण कुठला हे आम्ही कधी बघितलंच नाही. सगळे एकत्र जेवायचो, एकत्र हिंडायचो."

माझ्या हातातला पळा तिथेच थांबला. मी गणिताची मास्तरीण आहे, चुकीचं उत्तर ऐकलं की माझ्याने राहवत नाही. नवऱ्याने लांबूनच माझ्याकडे बघून डोळ्यांनी 'नको' म्हटलं आणि काकांच्या बशीत आणखी भेळ वाढली. पण काकूंनी माइक घेतला. या दोघांचं जमलंच मुळी कॉलेजात. काकू म्हणाल्या, "अरे, आपल्या मेसमध्ये दाराजवळचं एक टेबल होतं बघ. हात धुवायच्या जागेला लागून. तिथे कायम तीच पाच-सहा मुलं बसायची. मघापासून आठवतेय, पण मला त्यातल्या एकाचंही नाव आठवत नाही. मेसमधल्या बाकी सगळ्यांची आठवतात. आचाऱ्याच्या मुलीचंसुद्धा आठवतं."

काकांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "होतं खरं टेबल." माइक काकूंच्या हातात होता, तरी सगळ्यांना ते नीट ऐकू आलं. माझा राग तिथेच विरघळला. आपलं चुकलेलं उत्तर सगळ्यांदेखत खोडणारा माणूस मला आवडतो.

भाभींनी मुंबईत शिकणाऱ्या आपल्या मुलाचं सांगितलं. कॉलेजजवळ भाड्याने खोली शोधत होता, एजंट फोनवर अगदी "या या, कधीही या" करायचे आणि नाव ऐकलं की खोली अचानक भरलेली असायची. "शेवटी मामाकडे राह्यला. रोज दोन तास जायला, दोन तास यायला," भाभी हसून म्हणाल्या. "पण शिकतोय हां. तिसऱ्या वर्षाला आहे."

मग नवरा उठला. त्याने कागदावर मुद्दे काढून आणले होते, ते मला माहीत होतं. पण त्याने कागद खिशातून काढलाच नाही. माइक तोंडासमोर धरून तो होस्टेलचा किस्सा सांगू लागला. अगदी तसाच, हसत हसत, मला सांगितला होता तसा. गादी डोक्यावर घेतलेल्या त्या मुलाची नक्कलसुद्धा केली. "जाताना मला म्हणतो कसा, या खोलीत हवा खेळत नाही!" आणि तो थांबला, लोक हसतील म्हणून.

कुणीच हसलं नाही. लेक वर मान करून खोलीतल्या खिडक्यांकडे बघत होती. एकीकडून दुसरीकडे, सगळ्या उघड्या खिडक्यांकडे. मग तिने बापाकडे बघितलं.

नवऱ्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. तो म्हणाला, "मला एवढंच म्हणायचंय, की माझ्या मुलीच्या खोलीतून कुणी गादी उचलून जाऊ नये. बाकी काही नाही." आणि सवयीने पुढचं वाक्य जोडलं, "आता मी अध्यक्षांना विनंती करतो."

अम्मांनी पदर सारखा केला. माइक त्यांनी हातात घेतला नाही. नवरा तो त्यांच्या तोंडासमोर धरून उभा राहिला.

"पिच्चर बरा हुता," अम्मा म्हणाल्या. "पन त्या बापसाला अक्कल नाय."

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो.

"पोर येवढ्या लांब गेली. पयली पयली रडली. रडनारच. मी लगीन होऊन सासरी गेले तवा मी पन रडले. मंग हळूहळू सगली तिला वळखायला लागली. तो पोरगा, ती झाडूवाली, तो म्हातारा, सगली मान हलवून हलवून तिला सलाम करीत हुती. पोर रमली हुती तितं. आनि ह्यो बापूस गाडी घेऊन आला, खोके भरले नि घेऊन गेला घरला! कशाला? तिनं बोलावला हुता? पोरीचं तोंड बगितलं का कसं झालं हुतं?"

भाभी गडबडल्या. "अम्मा, तसं नाय, ती सुट्टीला घरी…"

"भाभी," नवरा म्हणाला, "अध्यक्ष बोलतायत."

हे त्याच्या तोंडून आपोआप निघालं. इतक्या वर्षांची सवय. निघून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं असावं, पण बाण सुटला होता. भाभी गप्प बसल्या. अम्मांनी मान वर करून, माइक धरून उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे बघितलं.

"तू असा बापूस होव नको," त्या म्हणाल्या. "अल्ला तुज्या पोरीला खुशाल ठेवो. झालं माजं."

नवरा माइक हातात घेऊन उभा. त्याला बोलायचं होतं, मला दिसत होतं. अम्मांना सांगायचं होतं की सिनेमातली मुलगी परत गेली होती, बाप काही वाईट नव्हता, आणि मुख्य म्हणजे हा सिनेमा त्यासाठी दाखवलेलाच नव्हता. पण अध्यक्षांनंतर कोणी बोलत नाही. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मी चहाचे कप मोजायला लागले. मी मदत करणार नव्हते.

"आता आभार," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला आणि माइक लेकीकडे दिला.

लेक उठली. तिला मराठीतून आभार मानायची सवय होती, दर जयंतीला बाप तिला तेच काम देतो. पण या वेळी तिला शब्द सापडत नव्हते. "मी सगळ्यांचे आभार मानते," ती म्हणाली. "काका, काकू. भाभी, आणि भाभींचा मुलगा, तो चार तास ट्रॅव्हल करतो, त्याचेपण. आईचे, भेळेसाठी. अम्मा, तुमचे… खूप." मग थांबली. बापाकडे वळली. "बाबा, मी तिकडे रूमची विंडो उघडी ठेवीन. स्नो असला तरी. रोज थोडा वेळ. प्रॉमिस." तिचा आवाज फुटला, तिने नाक ओढलं आणि घाईने म्हणाली, "अध्यक्षांनंतर कोणी बोलत नाही, सो, खलास."

टाळ्या अम्मांनी सुरू केल्या. नवरा माइकची वायर गुंडाळायला खाली बसला आणि बराच वेळ गुंडाळत राहिला. काका त्याच्याशेजारी जाऊन उकिडवे बसले आणि वायरचं दुसरं टोक धरलं. शेवटी काकाच म्हणाले, "जयंतीला आम्हाला कधी बोलावलं नाहीत तुम्ही." नवरा म्हणाला, "या ना. येत्या जयंतीला या." मग निघताना काका दारात थांबले, नेहमीच्या नमस्कारासाठी हात जोडले आणि जरा अडखळत जय भीम म्हणाले. नवऱ्याने इतक्या मोठ्याने उत्तर दिलं की वरच्या मजल्यावरचं कुणीतरी दार उघडून बघायला आलं.

त्या दिवशी तो लेकीला हो म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता तोंडातल्या फेसासकट मला विचारलं, "तिकडे थंडी किती असते गं?" मी आतल्या खोलीत जाऊन लेकीला सांगितलं, कळव होकार.

ओमानमध्ये उन्हाळ्यात बर्फातला कोट शोधायचा म्हणजे काय ते ज्याने शोधलाय त्यालाच कळेल. नवऱ्याने सगळे मॉल पालथे घातले. शेवटी मिळाला तो त्याने घरी स्वतः घालून बघितला आणि घामाघूम होऊन, "ऊब चांगली आहे," असा निर्वाळा दिला. भाभींनी अम्मांना सिनेमाचा खरा शेवट सांगून टाकला. अम्मांना वाईट वाटलं. "मंग बापूस चांगला हुता बिचारा. उगाच बोलले त्याला," म्हणाल्या. माझ्या नवऱ्याला जे बोलल्या होत्या त्याबद्दल मात्र त्यांनी काही मागे घेतलं नाही. व्हिसा संपला तेव्हा त्या रत्नागिरीला परतल्या. जाताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटल्या आणि तिच्या हातात सांदणांचा डबा दिला.

ऑगस्टमध्ये आम्ही तिला विमानतळावर सोडायला गेलो. रस्ताभर नवरा सूचना देत होता. पासपोर्ट, चार्जर, कुणाशी बोलावं, कुणाशी बोलू नये, आजारी पडलीस तर काय. ती सगळ्याला हो म्हणत होती. तपासणीच्या दाराशी आम्ही तिला मिठी मारली. मी रडले. मला लपवता येत नाही आणि लपवायचंही नव्हतं. माझी एकुलती एक पोर चालली होती. नवरा रडला नाही, ताठ उभा राहिला, जयंतीला स्टेजवर उभा असतो तसा.

ती आत गेली. रांगेत पुढे सरकत सरकत बरीच लांब गेली आणि मग वळली. हाक मारून उपयोग नव्हता, मध्ये काच होती आणि गर्दी होती. तिने बापाकडे बघितलं आणि मान जराशी हलवली. सिनेमातल्यासारखी, एवढीशीच.

नवऱ्याने हात वर केला. एरवी रस्त्यापलीकडे पोचणारा त्याचा आवाज त्या वेळी आलाच नाही. मग त्यानेही मान हलवली.

नेमका तेव्हाच काचेच्या अलीकडून विमानतळावरचा एक कर्मचारी चालला होता. उंच, काळा ओमानी, आफ्रिकेशी जुनं नातं असलेली कितीतरी घराणी इथे आहेत, त्यातला असावा. त्याला वाटलं, मान आपल्यालाच हलवली. तो थबकला, छातीवर हात ठेवून त्याने मान झुकवली आणि हसून पुढे गेला. नवऱ्याने त्यालाही पुन्हा मान हलवली. पलीकडे लेकीला हे सगळं दिसत होतं. ती हसली. डोळे पुसत, तोंडावर हात धरून हसली आणि हसत हसतच आत दिसेनाशी झाली.

आम्ही गाडीकडे निघालो. मी विचारलं, "ओळखतोस का त्याला?"

"नाही," तो म्हणाला आणि मग रडायला लागला. पार्किंगच्या मध्यभागी उभा राहून, चष्मा हातात घेऊन, लहान मुलासारखा. मी त्याची पाठ थोपटत राहिले. गाडीत बसल्यावर त्याने एसी लावला नाही, चारही काचा खाली केल्या. ऑगस्टची भट्टीसारखी हवा आत आली. डोंगर चढून अल अमेरातला पोचेपर्यंत मी एका शब्दानेही त्याच्याशी भांडले नाही.